जामाई लिस्टमधलं सतरावं नाव

आमच्या ऑफिसात दरवर्षी जामाईषष्ठीच्या दिवशी एक बैठक भरायची. त्या दिवशी सगळं कोलकाता जावयांच्या सरबराईत गुंतलेलं असतं. रस्त्यावर नवे कुर्ते घातलेले जावई दह्याची मडकी आणि आंब्यांच्या पिशव्या सांभाळत सासुरवाडीला निघालेले असतात. आणि न्यू टाउनच्या सातव्या मजल्यावर आम्ही पाच-सहा जण संदेश मिठाईचा डबा मधे ठेवून एक यादी वाचत असू. कागदोपत्री ती 'अपवादांची यादी' होती, पण ऑफिसात तिला सगळे जामाई लिस्ट म्हणत. यादीत ज्यांचं नाव असेल त्यांच्या चुका पोटात घालायच्या, त्यांना तोंडावर काही बोलायचं नाही आणि वर त्यांचे लाड करायचे, असा रिवाज होता. जावयांचं असतं तसंच.

ही यादी कशाची, ते आधी सांगते, कारण सव्वीस वर्षं मी काय काम करते हे आमच्या घरातही कुणाला नीट सांगता येत नसे. सासूबाई पाहुण्यांना सांगत, "शुभांगी कॉम्प्युटरमध्ये असते." जणू मी त्याच्या आत राहते.

तुम्ही फोनवर एखादं नाव टाकता, समजा बँकेचं किंवा वर्तमानपत्राचं. यंत्राला नाव कळत नाही, त्याला नंबर लागतो. मग मधे एक सॉफ्टवेअर असतं, ते त्या नावाच्या मालकाच्या सर्व्हरला जाऊन विचारतं, "तुमचा नंबर काय?" आणि उत्तर आणून देतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं. ते विचारणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो आणि पूर्व भारतातल्या लहान-मोठ्या ब्रॉडबँडवाल्यांना देत होतो. चाललं तर कुणाला त्याचा पत्ता नसतो. "आज नावं फार छान सापडली," असा फोन मला सव्वीस वर्षांत एकदाही आला नाही.

प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं द्यायचं, याचे जगभर ठरलेले नियम आहेत. त्यांना आम्ही स्टँडर्ड म्हणतो. पण जगात असे कितीतरी जुने सर्व्हर आहेत की जे नियम नीट पाळत नाहीत आणि तरी वर्षानुवर्षं सुखानं चाललेले असतात. आपलं सॉफ्टवेअर नियमाला चिकटून राहिलं की अशा एखाद्या सर्व्हरचं नाव सापडेनासं होतं आणि कुणाचं तरी ऑफिस बंद पडतं. बरं, नियम सैल सोडला तर चूक तशीच जगत राहते आणि पुढच्या प्रत्येकाला तिला वळसा घालून जावं लागतं. त्यामुळे ऑफिसात दोन पक्ष होते. एक म्हणे, काल चाललं ते आज चाललंच पाहिजे. दुसरा म्हणे, नियम म्हणजे नियम. मी दुसऱ्या पक्षाची पुढारी होते.

त्या पक्षाचा एक विजय सांगते, कारण तो मी नव्या मुलांना शिकवताना दरवर्षी सांगत असे. आम्ही बेहाला भागात राहतो. तिथल्या एका केबलवाल्यानं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली अक्कल चालवली होती. गिऱ्हाइकानं चुकीचं नाव टाकलं तर नियमाप्रमाणे "असं नाव नाही" हे उत्तर जायला हवं. ह्यानं अशी सोय केली की चुकीचं नाव टाकलं की त्याच्या स्वतःच्या पानावर जायचं. त्या पानावर पूजेच्या सवलतींची जाहिरात आणि हात जोडलेला त्याचा फोटो. एका वकिलाच्या ऑफिसातला प्रिंटर बंद होता, तर कारकून प्रिंटर शोधतोय आणि समोर हा हात जोडून हसतोय. मी स्वतः रिक्षा करून त्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "दिदि, किसी को खाली हाथ लौटाना अच्छा लगता है क्या?" मी म्हटलं, जे नाही त्याला नाही म्हणायचं, एवढाच आपला धंदा आहे. तासभर मी त्याला खऱ्याखोट्यावर व्याख्यान दिलं. शेवटी कंटाळून त्यानं ते काढलं, आणि मला चहा पाजला.

त्या व्याख्यानाची आठवण आली की आता मला स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघवत नाही. का, तेच लिहायला बसले आहे. संपादकांनी 'ऑफिसातल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. तेवढी गंमत वर झाली.

बागबाजारला एक जुनी धर्मादाय संस्था आहे. तिची रक्त-लघवी तपासणारी पाच केंद्रं उत्तर कोलकात्यात पसरलेली. त्यांच्या संगणकांचं सगळं काम निमाईबाबू बघत. दुसऱ्या मजल्यावर, होमिओपॅथीच्या दवाखान्यामागच्या अडगळीच्या खोलीत त्यांचा सर्व्हर होता, आणि तो सर्व्हर चालवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला होता, ज्या काळात असलं काही विकत आणणं संस्थेला झेपलं नसतं त्या काळात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते पन्नाशीचे असतील. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. यंत्रावर जुन्या तांताच्या, सुती साडीचं शिवलेलं आच्छादन होतं. "मिसेसनं शिवलंय," ते म्हणाले आणि ते आच्छादन घडी घालून बाजूला ठेवलं.

मी गेले होते त्यांची चूक दाखवायला. त्या सुमारास जगातले जुन्या पद्धतीचे नंबर संपत आले होते आणि नव्या पद्धतीचे, लांबलचक नंबर सुरू झाले होते. त्यामुळे यंत्रं आता प्रत्येक नावाबद्दल दोन प्रश्न विचारू लागली होती: जुना नंबर काय, आणि नवा नंबर काय? नवा नसेल तर नियमाप्रमाणे उत्तर असं की, "नाव आहे, असा नंबर नाही." निमाईबाबूंचा सर्व्हर मात्र सरळ सांगे, "असं नावच नाही." म्हणजे दरवानाला विचारावं, सेनबाबूंकडे गाडी आहे का, आणि त्यानं म्हणावं, इथे सेन नावाचं कुणी राहतच नाही, आणि सेनबाबू वर चहा पीत बसलेले. आमचं जुनं सॉफ्टवेअर असल्या उत्तराकडे काणाडोळा करायचं. नवीन आवृत्ती नियमानं चालणार होती. "नाव नाही" म्हटलं की संपलं, मग दुसरा प्रश्न विचारायचाच नाही. ती आवृत्ती चार दिवसांत बाहेर पडणार होती, आणि ती पडली की बागबाजारची संस्था, पाच केंद्रांसकट, नकाशावरून पुसली जाणार होती.

निमाईबाबूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे कान लाल झाले. "छि छि," ते म्हणाले, "आमार भुल." माझी चूक. प्रोग्रामचा छापील गठ्ठा काढून अर्ध्या तासात त्यांनी नेमक्या ओळी शोधल्या. मग म्हणाले, दुरुस्ती मी करतो, मला दहा दिवस द्या. फक्त ते नवे प्रश्न मला इथून विचारून बघता येत नाहीत, तेवढं तुम्ही तुमच्या बाजूनं तपासून द्याल का?

यात नाही म्हणण्यासारखं काहीही नव्हतं. पण माझ्यापुढे चार दिवस होते. त्यात आणखी कुणाची दुरुस्ती तपासत बसायची, ती फसली तर आमच्या आवृत्तीला बोल लागणार, तारीख पुढे जाणार. मी त्यांना म्हटलं, "आपनि हात देबेन ना. आमरा सामले नेबो." तुम्ही हात लावू नका, आम्ही सांभाळून घेऊ.

त्यांना ते आवडलं नाही. चूक माझी आणि सांभाळणार तुम्ही, हे कसं, असं ते दोनदा म्हणाले. मग म्हणाले, तसं असेल तर लिहून पाठवा. मी ऑफिसात येऊन ईमेल पाठवली: आपल्या सर्व्हरमध्ये कृपया कोणताही बदल करू नये, आमचं सॉफ्टवेअर याची काळजी घेईल. आणि जामाई लिस्टमध्ये सतरावं नाव घातलं. नियमांच्या पक्षाची पुढारी, आणि जावई आणला मीच.

यादीचा एक कायदा होता. पल्लव नावाचा माझा सहकारी यादी सांभाळायचा, कायदा त्यानंच केलेला. जावई ज्यानं आणला त्याचं नाव समोर लिहायचं. पुढे कधी ते नाव काढायचं झालं तर त्याच माणसानं स्वतः फोन करायचा, पलीकडून "आम्ही दुरुस्त केलंय" असं कानानं ऐकायचं, आणि मगच नाव काढायचं. ईमेल चालणार नाही. पल्लव म्हणायचा, ईमेल न वाचताही "हो" म्हणता येतं. सतराव्या नावासमोर 'शुभादि' लिहिलेलं होतं. म्हणजे मी.

मग वर्षं गेली. दर जामाईषष्ठीला पल्लव विचारी, "सतरा? फोन केला होतात?" मी म्हणे, "पुढच्या महिन्यात करते," आणि संदेश उचले. पोयला बैशाखला, बंगाली नववर्षाला, निमाईबाबूंचं शुभेच्छापत्र येई. खाली दरवेळी एक ओळ असायची: दुरुस्ती तयार आहे, करू का? पहिली दोन वर्षं मी लिहिलं, सध्या नको. नंतर उत्तरच दिलं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे तपासून द्यायचं आलं, आणि तेवढा वेळ मला कधीच नसे. खरं म्हणजे होता. इच्छा नव्हती.

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना बंगळुरूहून नवा मॅनेजर आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाला नियम काटेकोर पाळल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, त्यामुळे जामाई लिस्ट रिकामी करायची ठरली. एकही अपवाद नको. मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले ते माझ्या हातून होऊन मी निवृत्त होणार होते. यादीत माझ्या नावावर एव्हाना अकरा जावई होते. मी फोन करत सुटले. काहींनी आरडाओरडा केला, काहींनी आठवड्यात दुरुस्ती केली, काहींची यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. दहा झाले. बागबाजार राहिलं.

मी तीन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवला. काय बोलणार होते? इतकी वर्षं तुम्हाला अडवून धरलं, आता घाई करा? ते विचारतील, मग तेव्हा का अडवलंत? त्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, माझी तारीख. ते मला देववत नव्हतं. शेवटी मी टेबलावरून त्यांच्या सर्व्हरला तो एक प्रश्न विचारून पाहिला. एका सेकंदाचं काम. उत्तर आलं, "असं नावच नाही." माझं ऐकून त्यांनी खरंच हात लावला नव्हता. मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि पल्लवला सांगितलं, "सतरा झालं."

"दुरुस्त केलंय म्हणाले?"

"हो."

पल्लवनं खूण केली. त्याच्या मनातही आलं नसेल की नियमांवर व्याख्यानं झोडणारी शुभादि तोंडावर खोटं बोलेल.

नवी आवृत्ती एका मंगळवारी सकाळी उत्तर कोलकात्याच्या ब्रॉडबँडवाल्यांकडे गेली. सव्वाबारा वाजता माझा फोन वाजला. इतक्या वर्षांनीही आवाज ओळखला. "दिदि," निमाईबाबू म्हणाले, "आपनादेर दिके किछु बदलेछे?" तुमच्याकडे काही बदललंय का? समोरच पल्लव डबा उघडून बसला होता. मी म्हणाले, "नाही, आम्ही स्टँडर्डप्रमाणेच आहोत. तुमच्या सर्व्हरमध्ये बघा."

ते म्हणाले, "आच्छा, देखछि." बघतो. आणि ते बघत बसले, दोन दिवस. वायर बदलल्या, यंत्र उघडून साफ केलं, पुन्हा पुन्हा सुरू केलं. ज्या ओळींत चूक होती तिकडे त्यांनी पाहिलंच नाही, कारण त्या ओळींचं आम्ही सांभाळून घेऊ असं माझं लेखी वचन त्यांच्याकडे होतं, आणि आमच्याकडे काही बदललेलं नाही असंही मीच आत्ता सांगितलं होतं. पाचही केंद्रांवर रिपोर्ट अडकले. एका शाळेच्या बाईंच्या वडिलांचं ऑपरेशन रिपोर्ट न मिळाल्यानं पुढे ढकललं गेलं. त्या काउंटरवर रडल्या, ओरडल्या आणि थेट कमिटीकडे तक्रार घेऊन गेल्या. ते ऑपरेशन पुढच्या आठवड्यात नीट पार पडलं, हे मी नंतर मुद्दाम चौकशी करून जाणून घेतलं. त्यानं मला जितकं बरं वाटलं, तितकं वाटायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी पल्लवला आमच्या नोंदींत कारण सापडलं. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "शुभादि, फोन केला होतात ना?"

मी म्हणाले, "केला होता. त्यांनीच चुकून हो म्हटलं असेल. वय झालंय त्यांचं."

हे वाक्य मी जसं बोलले तसंच लिहिलं आहे. 'वय झालंय' हे मी वरून जोडलं होतं, कुणी विचारलं नसताना.

आमच्याकडून त्यांना चूक कळवण्यात आली. वर्षानुवर्षं तयार ठेवलेली दुरुस्ती त्यांनी वीस मिनिटांत बसवली आणि सगळं सुरू झालं. पण कमिटीला आता कुणाचं तरी नाव हवं होतं. त्यांनी आमच्या कंपनीकडे अहवाल मागितला, आणि जाणकार म्हणून तो मी लिहिला. संस्थेचा सर्व्हर स्टँडर्डचा भंग करत होता; आमचं सॉफ्टवेअर नियमानुसारच वागलं. शब्द न् शब्द खरा होता. इंग्रजी घोटून घोटून चांगलं केलं आणि खाली सही केली. निमाईबाबूंनी कमिटीपुढे माझी ती जुनी ईमेल ठेवली. कमिटीनं कंपनीला विचारलं, याचं काय? त्याचंही उत्तर माझ्याकडेच आलं. मी लिहिलं, ती सूचना केवळ त्या वेळच्या आवृत्तीपुरती होती. असं त्या ईमेलमध्ये कुठेही नव्हतं.

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निमाईबाबूंना काढलं. घरी लिहिलेल्या प्रोग्रामवर संस्था चालवणारा म्हातारा, असा ठराव सभेत वाचून दाखवला म्हणे. काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं.

कंपनीला प्रमाणपत्र मिळालं, मॅनेजरनं केक कापला. पुढे निवृत्तीच्या समारंभात मला 'एकही अपवाद नाही' असं कोरलेली काचेची पाटी मिळाली. पल्लव त्या दिवशी रजेवर होता. त्याचं घर ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, आणि डोक्यात दुसरं काही येईना. एका सकाळी मी बागबाजारला गेले. पत्ता जुन्या शुभेच्छापत्रावर होता. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. निमाईबाबू बाजारात गेले होते. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ओ, कॉम्प्युटर कोंपानिर दिदि!" आणि हसून आत घेतलं. वहिनी म्हणायचं म्हणून मी त्यांना बौदि म्हटलं. त्यांनी चहा केला, थाळीत मुरी, म्हणजे चुरमुरे, ठेवली, समोर बसल्या, आणि थोड्या वेळानं आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही त्याच लायनीतल्या आहात म्हणून विचारते. ओंर कि सत्यिइ दोष छिलो?" त्यांचा खरंच दोष होता का? ते काही बोलत नाहीत. पाड्यात, आळीत, लोक विचारतात. मी काय सांगू?

माझ्या हातात कप होता. मी म्हणाले, "मशीन जुनं झालं होतं, बौदि."

त्यांनी मान हलवली. मी चहा संपवला आणि निमाईबाबू परत यायच्या आत निघाले. श्यामबाजारच्या नाक्यापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. माझ्या सगळ्या आयुष्यात मला ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते, ती गोष्ट ही. अहवाल भीतीपोटी लिहिला होता, नोकरी होती, हुद्दा होता. या बाईपासून मला कसली भीती होती? मी निवृत्त झाले होते. माझं कुणी काही करू शकत नव्हतं. तरी तोंडातून खोटंच निघालं, सवयीनं.

पंधरा दिवसांनी परत गेले. या वेळी फोन करून गेले. निमाईबाबू खाटेवर बसले होते, बौदि दारात उभ्या. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा मुरी-चहात अडकले असते. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. माझी तारीख, पल्लवला सांगितलेलं खोटं, अहवाल, ईमेलचं दिलेलं उत्तर, आणि बौदिंना सांगितलेलं मशीनचं. संपल्यावर निमाईबाबूंनी एकच विचारलं, आणि तेही तांत्रिक: "यादीतून काढण्याआधी सर्व्हरला विचारून पाहिलं होतंत?"

"हो."

"काय म्हणाला?"

"नाव नाही म्हणाला."

"मग तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

बौदि पुढे आल्या, माझ्यासमोर ठेवलेला भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेल्या. त्या परत बाहेर आल्या नाहीत.

निमाईबाबूंनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ते दोन दिवस मला वाटलं, माझं डोकं काम करेनासं झालंय. कुणी सांगितलं नाही, माझं मलाच वाटलं. सगळं बरोबर दिसतंय आणि तरी चालत नाही. त्यानंतर मी कशालाच हात लावला नाही. पाड्यातले लोक आधी रेडिओ, मिक्सर घेऊन यायचे. आता मी म्हणतो, माझ्याच्यानं होत नाही." मी म्हणाले, मला माफ करा. ते म्हणाले, "ते राहू दे. हे जे मला सांगितलंत ते तिथे सांगा. ज्या सभेत माझं नाव वाचलं त्याच सभेत वाचलं गेलं पाहिजे." ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

मी संस्थेला पत्र लिहिलं. आठ दिवस खपून, दोन पानी, इंग्रजीत. माझी ईमेल जोडली, अहवालातली दिशाभूल कबूल केली, निमाईबाबूंवर अन्याय झाला असं स्पष्ट लिहिलं. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, इतकं की त्या रविवारी मराठी मंडळात मी सगळ्यांशी भरभरून गप्पा मारल्या. महिन्याभरात उत्तर आलं. आपण प्रयत्न करूनही तेव्हा संपर्क होऊ शकला नाही हे आपल्या पत्रावरून दिसते. सबब कंपनीचा दोष मानता येत नाही, आणि विषय पुन्हा सभेपुढे घेण्याचं कारण दिसत नाही.

ते उत्तर आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन मी बागबाजारला गेले. कमिटी कशी कोडगी आहे, ते सांगणार होते. निमाईबाबूंनी चष्मा लावला. उत्तर बाजूला ठेवलं आणि माझं पत्र वाचायला घेतलं, सावकाश, प्रोग्राम वाचावा तसं, एकेका ओळीवर बोट ठेवत. दुसऱ्या पानाच्या मधोमध त्यांचं बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, 'नाव वगळण्यापूर्वी त्यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क होऊ शकला नाही.'

"फोन लावला होता?" त्यांनी विचारलं.

आठ दिवस खपून लिहिलेल्या कबुलीजबाबात मी ते वाक्य कधी घातलं, मला खरोखर आठवत नव्हतं. पण अक्षर न् अक्षर माझं होतं, आणि खाली सही होती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही पानं जुळवून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ताहले आबार लिखुन." मग पुन्हा लिहा.

दुसरं पत्र चार ओळींचं झालं. एक प्रत पल्लवला पाठवली. पहिली ओळ अशी आहे: मी फोन केला नव्हता.